भरीत थंड झालं त्याची बातमी

मार्गशीर्षातल्या दुसऱ्या शनिवारी, संध्याकाळी सव्वासात वाजता, फैजपूरजवळच्या एका केळीच्या मळ्यात चाळीस माणसांचं भरीत थंड झालं. त्याला आता चार हिवाळे झाले. वेळ माझ्या वहीत लिहिलेली आहे.

यंदाचा हंगाम सुरू झाला आहे. जळगावच्या भाजीबाजारात हिरवी-पांढरी, लांबट, दोन हातांनी उचलावी लागतात अशी वांगी आली आहेत. विकणाऱ्या बायका ती ओल्या फडक्यानं पुसून ठेवतात. रस्त्याच्या कडेला भरीत-पुरीचे फलक लागले आहेत. संध्याकाळी पाचनंतर कुठेतरी पऱ्हाट्या पेटतात आणि त्यांचा धूर माझ्या दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीपर्यंत येतो. कपाशीच्या वाळक्या काड्यांचा धूर लाकडाच्या धुरापेक्षा हलका असतो. तो डोळ्यांना लागत नाही, कपड्यांत राहतो.

परवा मी एक वांगं घेतलं. बाईनं विचारलं, "एकच?"

"एकच."

"भरीत कधी एका वांग्याचं व्हते का, दादा? पाव्हने बोलवा, चार घ्या."

मी एकच घेतलं. गॅसवर भाजलं. एकट्या माणसाला ते दोन वेळा पुरतं आणि दुसऱ्या वेळेपर्यंत त्याला पाणी सुटतं. त्या हिवाळ्यातही मी एकटाच होतो. पत्नी जाऊन दोन वर्षं झाली होती, मुलगी पुण्यात नोकरीला लागली होती. शनिवारी संध्याकाळी पेपरच्या कार्यालयातले बाकीचे घरी जायला बघत, म्हणून तालुक्यातले कार्यक्रम माझ्याकडे येत. मी ते मागूनही घेत असे.

नानांच्या मळ्यातल्या बैठकीला नाव नव्हतं. पत्रिका नव्हती, बॅनर नव्हता. नाना केळी लावणारे शेतकरी, वय सत्तरीच्या पुढे. ते स्वतः गात नसत, वाजवत नसत. त्यांचे शाळासोबती आबा हे एरंडोलचे. शास्त्रीय गाण्यात आबांचं मोठं नाव होतं आणि ते पुण्यात राहत, पण हिवाळ्यात महिनाभर गावी येत. त्या महिन्यातले तीन-चार शनिवार दोघांनी ठरवून घेतले होते. केळीच्या बागेला लागून असलेल्या खळ्यात गोणपाट अंथरायचे, चाळीसच माणसं बोलवायची. आबांनी आधी पाऊण तास गायचं. मग उठून स्वतः तानपुरा घेऊन मागे बसायचं आणि कोणालाही माहीत नसलेल्या एखाद्या कलावंताला पुढे बसवायचं.

मैफलीची नेहमीची रीत याच्या उलट असते. नवखा आधी गातो, मोठा शेवटी. आबांनी ती फिरवली होती, कारण नवख्याच्या गाण्याला लोक उशिरा येतात हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. पण फिरवल्यावर दुसरी अडचण आली. मोठ्याचं गाणं झालं की लोक चपला शोधू लागत. त्यावरचा उपाय नानांचा. जेवण नवख्याच्या गाण्यानंतर.

"पह्यल्या गान्याले लोक गान्यासाठी बसतात," नाना सांगायचे, "दुसऱ्याले भरितासाठी बसतात. मधीच उठला तो उपाशी जाईन. मंग कोन उठते?"

आबा हसून म्हणायचे, "नाना, माझ्यापेक्षा वांग्याची पुण्याई मोठी."

वेळही वांग्यांवरून ठरे. आबांचं गाणं संपता संपता खळ्याच्या दुसऱ्या टोकाला पऱ्हाट्या पेटवल्या जात. वांगी भाजून, सालं काढून बडगीत पडेपर्यंत नवख्यानं गायचं. बडगी म्हणजे एका ओंडक्यातून कोरलेलं खोलगट लाकडी पात्र. त्यात चार माणसं समोरासमोर बसून लाकडी मुसळ्यांनी भरीत कुटत. पहिला ठोका पडला की गाणं आटोपायचं. भरीत गरम असतानाच कुटावं लागतं, नाहीतर गराच्या रेषा तुटत नाहीत, मिरची आत जात नाही. याबाबतीत नाना कोणाची भीड ठेवत नसत. आदल्याच शनिवारी एका बासरीवाल्याची द्रुत लय रंगात आली असताना मुसळ्या पडल्या होत्या. बासरीवाला तिथंच थांबला, हसला आणि पानावर येऊन बसला.

त्या शनिवारी कुसुम बोरसे गाणार होत्या. भडगावच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका, वय पंचेचाळीसच्या आसपास. बावीस वर्षं दर रविवारी पहिल्या एसटीनं धुळ्याला जाऊन रघुनाथ मास्तरांकडे शिकत होत्या. आबांनी त्यांना कुठल्याशा शाळेच्या स्नेहसंमेलनात ऐकलं होतं. तिथं त्या मुलांना स्वागतगीताचा पहिला सूर देत होत्या. आबांनी तो एक सूर ऐकून चौकशी केली, असं आबांनीच मला सांगितलं.

चहाच्या वेळी त्या माझ्याकडे आल्या. हातात कप होता, पण त्यांनी तो प्यायला नाही.

"तुम्ही पेपरचे ना?"

"हो."

"उद्याच्या अंकात येईल?"

"जागा असली तर येईल."

"माझं कौतुक नका लिहू. एवढंच येऊ द्या: कुसुम बोरसे, धुळ्याच्या रघुनाथ मास्तरांची शिष्या. दोघांची नावं एका ओळीत. मास्तरांना आता दिसत नाही. रोज सकाळी शेजारी पेपर वाचून दाखवतात. चाळीस वर्षं शिकवलं त्यांनी. नाव कुठेच छापून आलं नाही."

मी वहीत लिहून घेतलं. त्या तिथेच उभ्या होत्या.

"लवकर आलं तर बरं," त्या म्हणाल्या. "गेल्या महिन्यात मास्तरांच्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलंय."

काय सांगितलं ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

मला गाण्यातलं कळत नाही. घड्याळातलं कळतं. वहीतल्या नोंदी अशा: पाच चाळीस, आबा, मारवा. सहा पंचवीस, पऱ्हाट्या पेटल्या. सहा पस्तीस, कु. बोरसे, पूरिया. राग कोणता ते शेजारी बसलेल्या वकिलांना विचारून लिहिलं होतं. त्या वेळी उजेड गेला होता आणि केळीच्या पानांचा हिरवा रंग काळा झाला होता. खळ्यात दोनच दिवे होते. एक गाणाऱ्यांवर, एक वांग्यांवर. मागे आबा तानपुरा घेऊन बसले होते, मान खाली. लोकांना बाईंच्या चेहऱ्यापेक्षा आबांचं पांढरं डोकं जास्त दिसत होतं.

बाईंनी खालच्या सुरांत सुरुवात केली आणि त्या तिथेच राहिल्या. पाच मिनिटं, दहा मिनिटं. वकील घड्याळ बघत होते. वांग्यांच्या सालीला भेगा पडून आतला रस जाळावर पडत होता, त्याचा चर्र आवाज येत होता. भाजलेल्या मिरचीचा ठसका एकदा सगळ्या खळ्यात फिरला आणि चार-पाच जण खोकले. त्या थांबल्या नाहीत. वर गेल्या नाहीत. सहा अठ्ठावन्नला सालं निघाली, गर बडगीत पडला, त्याची वाफ दिव्यासमोर आली. चौघांनी मुसळ्या उचलल्या.

नानांनी हात वर केला.

"थांबा रे. नका कुटू."

"नाना, गार होईन नं," चौघांपैकी एक म्हणाला.

"होऊ दे. काय पयून चाल्लं का भरीत? बस खाली."

चौघं मुसळ्या मांडीवर आडव्या ठेवून बसले. मग कधीतरी बाई वर गेल्या. ती वेळ मी लिहिलेली नाही. गाणं सव्वासातला संपलं. टाळ्या लगेच पडल्या नाहीत. आधी आबांनी तानपुरा खाली ठेवला.

केळीच्या पानावर कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्या वाढल्या, त्यावर भरीत. ते थंड होतं. रेषा तुटल्या नव्हत्या, कडेनं पाणी आलं होतं. वकील म्हणाले, "नाना, आज भरीत गार?"

"गानं गरम व्हतं ना? खाय मुकाट्यानं."

कुसुमताई बायकांच्या पंगतीत शेवटच्या पानावर बसल्या होत्या. आठ वाजता त्या भडगावकडे जाणाऱ्या एका गाडीत बसल्या. बसण्याआधी माझ्याकडे बघून त्यांनी फक्त मान हलवली. मीही हलवली.

बातमी मी मळ्याच्या फाटकापाशी उभं राहून मोबाइलवर लिहिली. पंचवीस वर्षं जशी लिहीत होतो तशी. आधी आबा, त्यांनी काय गायलं, किती वेळ. मग नाना, बैठकीची परंपरा. मग उपस्थितांची नावं. शेवटच्या परिच्छेदात कुसुमताई, रघुनाथ मास्तर आणि थांबलेल्या मुसळ्या. मोठं नाव वर, लहान नाव खाली. त्या रात्रीपुरता हा क्रम उलटा करावा असं माझ्या मनात आलं नाही. आबांनी मात्र मैफलीत तेच केलं होतं आणि मी ते तीन वेळा बघितलं होतं.

पान लावणाऱ्या प्रकाशकडे पावणेनऊला एका पुण्यस्मरणाची जाहिरात आली, फोटोसकट. जागा करायची होती. पानावरची बातमी खालून कापतात. त्यासाठी बातमीदाराला विचारायची पद्धत नाही. प्रकाशनं शेवटचा परिच्छेद काढला आणि जाहिरात बसवली. त्यात त्याची चूक नव्हती. मी त्याच्या जागी असतो तर तेच केलं असतं, आणि पूर्वी त्याच्या जागी होतो तेव्हा केलेलंही आहे.

रविवारी सकाळी मी अंक उघडला. बातमी उपस्थितांच्या नावांपाशी संपत होती. शेवटचं नाव वकिलांचं होतं.

चुकीचं छापलं तर दुरुस्ती छापतात. राहून गेलेल्या गोष्टीची दुरुस्ती नसते. कुसुमताईंचा फोन येईल म्हणून मी दिवसभर मोबाइल समोर ठेवला. आला नाही. मी केला नाही. सोमवारी पुरवणी बघणाऱ्या बाईंना म्हटलं, एक शिक्षिका आहेत, छोटी मुलाखत घेऊ या. त्या म्हणाल्या, संक्रांतीनंतर बघू. पुढच्या शनिवारी मळ्यात एक जण सारंगी वाजवणार होता. नवख्याला तिथं एकदाच बसवत, दुसऱ्यांदा नाही. त्या शनिवारी मुसळ्या वेळेवर पडल्या आणि भरीत उत्तम झालं.

त्या महिन्यात थंडी खूप होती. सकाळी गिरणेच्या काठानं गाडी नेली की हात आखडत. केळीच्या कोवळ्या पानांवर डाग पडतात म्हणून शेतकरी पहाटे बांधावर धूर करत. कापसाच्या गाड्या रस्त्यानं सरकत, मागे पांढरे पुंजके बाभळींना अडकून राहत. मी घरी आल्यावर दिवा लावण्याआधी रेडिओ लावत असे, कोणीतरी बोलत असावं म्हणून. बोलणं कशाबद्दल होतं हे आज सांगता येत नाही.

पौषातल्या एका रविवारी मी धुळ्याला गेलो. कुसुमताईंना कळवलं नव्हतं. त्या असतील तर त्यांच्याशी बोलायचं, नसतील तर मास्तरांना भेटून यायचं, एवढंच ठरवलं होतं. त्या नव्हत्या. त्या आठवड्यात शाळेची सहल होती. दार शेजारच्या दौलतभाऊंनी उघडलं. ते एसटीतून निवृत्त झालेले चालक. मास्तरांना पेपर तेच वाचून दाखवत.

खोली एक. खाट, दोन तानपुरे कापडात बांधलेले, कोपऱ्यात स्टो. मास्तर खाटेवर उशीला टेकून होते. मी नाव सांगितलं, पेपरचं सांगितलं. ते उठून बसायला लागले, मी नको म्हटलं. उशाच्या भिंतीवर माझ्या बातमीचं कात्रण चिकटवलेलं होतं. चारी कडा सरळ कापलेल्या होत्या. खाली वकिलांचं नाव.

मी क्षमा मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात मास्तर म्हणाले, "बरं झालं आलात. ते वाचा बघू एकदा. शेवटचा परिच्छेद तेवढा. कुसुम वाचते, पण लिहिणाऱ्यानं वाचलेलं वेगळं."

मी दौलतभाऊंकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

कात्रणासमोर उभं राहून मी वाचलं. तिथं नसलेला परिच्छेद मला पाठ होता. "बैठकीच्या उत्तरार्धात धुळे येथील रघुनाथ मास्तरांच्या शिष्या कुसुम बोरसे यांनी पूरिया सादर केला. गायन सुरू असताना यजमानांनी भरीत कुटणं थांबवलं. गायन संपेपर्यंत भरीत थंड झालं होतं."

मास्तर म्हणाले, "हे भरिताचं नवीन आहे. कुसुमच्या वाचण्यात नव्हतं."

मी कात्रणापासून मागे सरून खाटेजवळ बसलो.

"खरंच थांबवलं?"

"हो."

"नानांनी? ते तर कोणासाठी थांबवत नाहीत म्हणे."

"स्वतः हात वर करून."

"केव्हा? ती वर षड्जावर गेली तेव्हा, की आधी?"

मला षड्ज ओळखता येत नाही. मी वही काढली. नोंदी वाचल्या. सहा अठ्ठावन्नला मुसळ्या थांबल्या, तोवर त्या वर गेल्या नव्हत्या हे मात्र मी खात्रीनं सांगू शकत होतो.

"म्हणजे खालीच होती."

"खालीच होत्या. सुरुवातीपासून."

"तेवीस मिनिटं खाली राहिली?"

"वहीप्रमाणे तेवीस."

"वरच्या सुराला कोणीही थांबतं," मास्तर म्हणाले. त्यांचा उजवा हात पांघरुणावर होता. बोटं थोडी हलत होती. "बावीस वर्षं तिला सांगतोय, खाली राहा. घाई करू नकोस. गाडी सुटते म्हणून रविवारी ती निम्म्यात उठायची, तेव्हा तेवढ्यावरून रागवायचो." मग त्यांनी चेहरा माझ्याकडे वळवला. "चव कशी होती?"

"थंड भरिताची?"

"हो."

"पाणी सुटलं होतं."

ते हसले. हसताना खोकला आला आणि दौलतभाऊंनी त्यांना पाणी दिलं.

निघताना दौलतभाऊ जिन्यापर्यंत आले. खालच्या आवाजात म्हणाले, "भाऊ, त्या दिवशी सकायले मीच पेपर वाचा. बठ्ठा वाचा. नाव काय दिसनं नही. मास्तरले तसंच सांगं."

"म्हणजे नाव छापून आलं नाही हे मास्तरांना पहिल्यापासून माहीत आहे?"

"माहीत शे. मंग कुसुमताई उनी एसटीनी, तिनी वाचं, नावसगट. मास्तर म्हनेत, वा. ती गयी, मंग माले म्हनेत, दौलत, काही बोलू नको. तिले वाचू दे."

"मास्तरांना आधीच कळलं होतं, हे ताईंना ठाऊक आहे?"

"माले माहीत नही."

हे मलाही आजवर कळलेलं नाही. कुसुमताईंना मी विचारलेलं नाही, त्यामुळे त्याची खात्री देता येत नाही.

जळगावला परत येताना बसमध्ये शेजारची जागा रिकामी होती. पारोळ्याला कोणीतरी चढलं आणि पुढे जाऊन बसलं. खिडकीबाहेर दोन्ही बाजूंना वेचून झालेली कपाशी उभी होती, अजून उपटलेली नव्हती. बातमीदारीच्या सगळ्या वर्षांत न छापलेलं छापलेलं म्हणून मी एवढ्याच एका वेळी वाचलं आहे.

नानांच्या मळ्यात आता बैठक होत नाही. नाना मुलाकडे नाशिकला गेले. आबांचा आवाज बसला आणि ते पुण्याहून येईनासे झाले. गेल्या महिन्यात एका कामासाठी फैजपूरला गेलो तेव्हा मळ्यापाशी थांबलो. बाग चांगली होती, घड भरलेले होते. खळ्यात ठिबकच्या नळ्यांची वेटोळी पडली होती. बडगी भिंतीला उभी करून ठेवलेली होती. तिच्या तळाशी कोळ्यानं जाळं केलं होतं. राखणदारानं विचारलं, कोण पाहिजे? मी म्हटलं, कोणी नाही.

मास्तर त्याच हिवाळ्यात गेले, माघ लागल्यावर, एका मंगळवारी पहाटे. दौलतभाऊंचा फोन आला. बातमी मी लिहिली. चार ओळींची, निधनवार्तेच्या कॉलमसाठी. त्या कॉलममधल्या बातमीचा शेवट ठरलेला असतो: पश्चात कोण आहे. मास्तरांचं लग्न झालं नव्हतं, भाऊबंद उरले नव्हते.

प्रकाशनं पान लावताना फोन केला. "पश्चातमध्ये शिष्या लिहिलंय तुम्ही. नातेवाईक लिहितात ना?"

"जे मागे आहेत त्यांना लिहितात."

"जागा कमी आहे. खालची ओळ काढू?"

"पश्चातची ओळ आपण कधी काढली आहे का?"

"नाही," तो म्हणाला.

बुधवारी बातमी पान पाचवर, तिसऱ्या कॉलममध्ये, तळाला लागली. "धुळे: येथील गायनशिक्षक रघुनाथ मास्तर यांचे मंगळवारी पहाटे निधन झाले. त्यांनी चाळीस वर्षे शास्त्रीय गायनाचे शिक्षण दिले. अंत्यसंस्कार सकाळी करण्यात आले. रघुनाथ मास्तर यांच्या पश्चात शिष्या कुसुम बोरसे आहेत."

चारही ओळी आल्या.